आक्कांचे गुलाब आणि न तळलेला खाऊ

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज ती वही मिटून ठेवू. आज गुलाब आणि खाणं, दोन्ही गोष्टी आनंदाच्याच.

आमच्या गटात एक आक्का आहेत. त्यांच्या अंगणात गुलाबाची सात झाडं आहेत. दोन गावठी, फिक्या गुलाबी फुलांची. वास असा की फाटकातच कळतो. बाकी कलमी, त्यात एक लाल ग्लॅडिएटर. आमचा भाग सोलापूरकडचा, कोरडा. उन्हाळ्यात घागर-घागर मोजून पाणी वापरायचं. आक्का तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना घालतात, बुंध्याशी उसाचं पाचट पसरतात, तरी घरचे म्हणतात, "त्या पाण्यावर चार वांगी तरी आली असती."

मीही एकदा म्हणाले होते, "आक्का, फुलं हाराला विका की." त्या म्हणाल्या, "विकायला शेळ्या आहेत, अंडी आहेत. हे माझं आहे." गटाचं काम करता करता मला प्रत्येक गोष्टीपुढे रुपये लिहायची सवय लागलीय. त्या दिवशी मी गप्प बसले.

थंडीत बहर आला की आक्का गटाची बैठक आपल्या अंगणात घ्यायला लावतात. मागच्या वर्षी आम्ही चौदाजणी जमलो. बाहेर गुलाब फुललेले, आणि आक्का आत कढईपुढे. भज्यांचा एक घाणा निघाला की दुसरा. कुणी तरी विचारलं, "हा पिवळा कुठून आणला हो?" तर आक्कांनी खिडकीतूनच उत्तर दिलं. त्या हात पुसत बाहेर आल्या तेव्हा अंधार पडला होता आणि आम्ही सह्या करून चपला शोधत होतो. जिच्या फुलांसाठी गेलो, ती फुलांपाशी पाच मिनिटंही बसली नाही. आणि आम्ही मात्र "अजून गरम आहेत का?" विचारत होतो. मीसुद्धा.

म्हणून या वर्षी छाटणीच्या दिवशीच ठरवलं की बैठकीला कढई चढवायची नाही. सगळं आधी करून ठेवायचं, गार खाता येईल असं, आणि एकेक पदार्थ एकेकीनं घरून आणायचा.

छाटणीचं सांगते, कारण बैठकीची तारीख तिच्यावरच ठरते. पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या मध्यात आक्का कात्री घेतात. वाळलेल्या, किडक्या, आत वळलेल्या फांद्या आधी काढतात. मग चांगल्या फांदीवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या जरा वर तिरपा काप घेतात. फूट बाहेर जाते, झाड मोकळं राहतं, हवा खेळते. कापांवर बोर्डो पेस्ट लावतात. कलमाच्या सांध्याखालून येणारा फुटवा मुळापासून काढायचा. तो खालच्या रानटी खुंटाचा असतो. ठेवला तर वरचं कलम मरतं आणि आपण म्हणतो, गुलाब बदलला. मग शेणखत, थोडी निंबोळी पेंड. तिथून साधारण दीड महिना मोजायचा, की फुलं. मावा दिसला तर आक्का आधी नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारतात. तेवढ्यानं नाही गेला तर निंबोळीचा अर्क.

फुलं आली की त्या सकाळी चहाच्या आधी एक फेरी मारतात. तोडत नाहीत. हनुवटी धरावी तसं फूल वर करून बघतात. एक देवाला, एक केसात, बाकीची झाडावर.

आता खाण्याचं. मुख्य म्हणजे कोथिंबीर वडी. थंडीत जुडी स्वस्त मिळते. धुऊन कापडावर चांगली कोरडी करा, बारीक चिरा. दोन वाट्या दाबून कोथिंबिरीला एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, हळद, जिरं आणि लसूण-मिरचीचं वाटण. मीठ घालून पाच मिनिटं थांबा. कोथिंबिरीलाच पाणी सुटतं. बहुतेकींची वडी बिघडते ती इथे, घाईनं पाणी ओतल्यामुळे. फारच कोरडं वाटलं तर हाताला लावून शिंपडा. तेल लावलेल्या चाळणीत वळकट्या ठेवून वीसेक मिनिटं वाफवा. सुरी टोचून स्वच्छ निघाली की झाली. पूर्ण गार होऊ द्या, गरम कापली तर भुगा होतो. मग वड्या पाडून वरून तेलात मोहरी, तीळ, कढीपत्त्याची फोडणी ओता. सकाळी केलेली वडी दुपारी छान लागते, तळायची गरजच नाही.

दुसरं, आपली कडक भाकरी. तिचे दोन बोटांएवढे तुकडे करायचे, वर फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही आणि शेंगाचटणी. फक्त दही आयत्या वेळी लावा, नाहीतर भाकरी मऊ पडते. काकडीच्या जाड चकत्यांवरही हेच चालतं. सुरळीची वडी दिसते सुंदर, पण हात बसल्याशिवाय पाहुण्यांच्या दिवशी तिच्या वाटेला जाऊ नका. माझी एकदा ताटालाच चिकटून राहिली होती!

गोडाला आक्कांच्या बरणीतला मागच्या बहराचा गुलकंद. गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि तितकीच साखर, थरावर थर, बरणी तीन-चार आठवडे उन्हात. सुक्या खोबऱ्याच्या किसात तो मिसळून लाडवासारखे छोटे गोळे वळले. बाजारातल्या फुलांचा गुलकंद मात्र करू नका. त्यांच्यावर औषधं फवारलेली असतात.

गेल्या पंधरवड्यात बैठक झाली. आक्का पहिल्यापासून सतरंजीवर बसल्या होत्या. पहिली दहा मिनिटं त्यांना काही सुचेना, दोनदा "चहा टाकते" म्हणून उठल्या, दोन्ही वेळा पदर धरून खाली बसवलं. मग एकेका झाडाची गोष्ट सुरू झाली. कोणतं माहेरून आणलं, कोणतं शेळीनं खाऊनही परत फुटलं. कोणी तरी म्हणालं, इतकी वर्षं येतो पण हे कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. वांग्यांचं काही बोलला नाही. भाकरीचे तुकडे मात्र बरेच खाल्ले.

निघताना आक्कांनी एक टोपली पुढे केली. छाटणीतल्या गावठी गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या त्यांनी ऑक्टोबरातच पिशव्यांत लावल्या होत्या. जगलेल्या नऊ निघाल्या. चौदाजणींत नऊ, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी निघाली. घरी आणल्यावर एक पान गळलं, दोन नवी आली. पुढच्या छाटणीला ज्यांना काडी हवी असेल त्यांनी आत्ताच आक्कांना सांगून ठेवा, पाच नावं आधीच लागली आहेत.

येते. नमस्कार.