तिसऱ्या कपाटाची किल्ली

सकाळची पहिली एसटी धरून, वाचनालय दुपारपर्यंत शिपायाच्या भरवशावर सोडून इथं आलेल्या माझ्या ग्रंथपाल बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाच्या खुर्चीत बसताना आज मला जरा धास्तीच वाटली. त्याला कारण जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. ज्यांनी ती वाचली आहे, ते आत्ताच हसायला लागलेत. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक आणि पट्टीचे अध्यक्ष. ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवून झालेलं. एका अपघातानं ते अशा जगात जाऊन पडतात, जिथं पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. ती चाटून गेली, मराठे जिंकले आणि पुढचा सगळा इतिहास निराळा घडला. तिथं मुंबईच्या आझाद मैदानावर सभा चालू असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी! पंतांना ते बघवेना. ते तडक जाऊन तिच्यात बसले आणि बोलायला लागले. पण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणाची प्रथा केव्हाच मोडीत काढली होती. त्यांनी टोमॅटो आणि अंडी मारून पंतांना खाली उतरवलं.

मघाच्या नाश्त्यातली टोमॅटोची सँडविचेस संपली आहेत, हे मी पाहून घेतलंय. तेव्हा बोलतो. पंतांकडे पुन्हा येऊच.

आजचा विषय मी मागून घेतला: मुलांसाठीच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. संयोजकांना तो थोडा हलका वाटला असावा. ‘डिजिटल युगातील ग्रंथालयांपुढील आव्हानं’ असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. पण त्या विषयावर आपण गेली वीस वर्षं बोलतोय. शिवाय हे गाव देवळाली आहे. या गावानं इंग्रजी भाषेला वेडाचा शब्द दिला. १८६१ पासून इथं गोऱ्या सैनिकांचा तळ. मुदत संपलेले शिपाई इथं येऊन बोटीची वाट बघत बसायचे, आणि बोटी सुटायच्या फक्त थंडीच्या दिवसांत. मार्च उलटल्यावर आलेल्याला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथंच काढावा लागे. काम नाही, घर दिसत नाही, डोक्यावर ऊन. माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत आजही वेडसर माणसासाठी वापरतात. रिकाम्या डोक्याला जायला जागा लागते, ती मिळाली नाही तर ते भलतीकडे जातं, हे मला कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या गावाच्या नावानं जास्त पटवलं.

याच कॅम्पातल्या एका छोट्या वाचनालयात मी तीस वर्षं काढली. आमच्या बालविभागाचं कपाट तिसरं. लोखंडी, काचेच्या दारांचं. तोफखान्याच्या शाळेच्या रेंजवर सराव सुरू झाला की त्या काचा बारीक आवाजात थरथरायच्या. नवा सभासद दचकून वर बघायचा. जुने सभासद पान उलटायचे.

एक प्रसंग सांगतो. सातवीतला मुलगा, साताऱ्याकडचा, वडील हवालदार आणि इथल्या प्रशिक्षणात शिकवणारे. त्यानं भा. रा. भागवतांचं ‘चंद्रावर स्वारी’ नेलं. मूळ ज्यूल व्हर्नचं, १८६५चं. त्यात तोफखान्याच्या नादानं झपाटलेली माणसं एक अजस्र तोफ ओततात आणि गोळ्यात माणसं बसवून ती चंद्रावर डागतात. पोरानं ते दोन दिवसांत संपवलं आणि परत करायला आला तो वही घेऊनच. म्हणाला, “काका, हे खोटं आहे. बाबांनी हिशेब करून दाखवला.” व्हर्नच्या तोफेची नळी ९०० फूट. पृथ्वीच्या ओढीतून सुटायचं तर सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर वेग हवा. एवढा वेग ९०० फुटांत गाठायचा म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्शात. आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त दाब येणार. “चटणी होईल, काका.” वहीत सगळं नीट मांडलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.

मला वाटलं, संपलं. हवालदारसाहेबांनी पोराच्या चंद्राचा चक्काचूर केला. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. “काका, मग नळी किती लांब पाहिजे?” त्या संध्याकाळी बापलेकांनी तोही हिशेब केला होता. माणसाला वजनाच्या तिप्पट दाब सोसतो असं धरलं, तर नळी दोन हजार किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे मुंबईहून कोलकात्याला रेल्वेनं जाऊ त्याहून थोडी जास्तच. तो सांगताना हसत होता, आणि तेच पुस्तक त्यानं पुन्हा नावावर लावून घेतलं. खोटं ठरलेलं पुस्तक!

बापाच्या हिशेबानं गोष्ट मेली नाही, उलट गोष्टीमुळे तो हिशेब झाला. भौतिकशास्त्राचं क्रमिक पुस्तक त्याच्या दप्तरात होतंच की. त्यातल्या कुठल्या धड्यानं त्याला संध्याकाळी बाबांसमोर वही घेऊन बसवलं नव्हतं.

भागवतांचं मोठेपण आपल्याकडे फास्टर फेणेपुरतं सांगितलं जातं. मला त्यांच्या व्हर्नच्या रूपांतरांची नावं बघा असं सांगावंसं वाटतं. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’. ‘समुद्र सैतान’. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’! शेंडेनक्षत्र हा आजीच्या तोंडचा शब्द. ते दिसलं की राजा मरतो, असं सांगणाऱ्या आजीचा. भागवतांनी त्याच्या आधी ‘मुक्काम’ लावला आणि ते पोस्टाच्या पत्त्यासारखं करून टाकलं. लुइस कॅरलच्या अ‍ॅलिसचंही तसंच. नाशिकशी जन्माचं नातं असलेल्या टिळक घराण्यातल्या देवदत्त नारायण टिळकांनी तिला मराठीत आणलं तेव्हा ती ‘जाई’ झाली, पुस्तक ‘जाईची नवलकहाणी’ झालं. परक्या मुलीला अंगणातल्या वेलीचं नाव.

या घरोब्याची सुरुवात फार जुनी आहे. ‘केरळ कोकीळ’ मासिकात १९०० साली व्हर्नच्याच चंद्रप्रवासाचं मराठी रूप छापून येऊ लागलं होतं. म्हणजे आपल्या विज्ञानकथेचं वय सव्वाशे वर्षांचं. आणि तरी आपण तिला पाहुणी म्हणतो.

नारळीकरांकडे या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून बसलेले. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ टोपणनावानं स्पर्धेला बसतो, हीच एक गोष्ट मुलांना सांगितली की ती पुस्तक मागतात. मी अनेकदा सांगितली आहे. त्यांच्या पुढच्या शीर्षकांवर नजर टाका: ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’. यक्ष, वामन, भस्मासूर. आमच्याकडे एका नव्या सेवकानं ‘भस्मासूर’ सरळ पौराणिक विभागात लावला होता, हनुमंताच्या गोष्टींशेजारी. वर्गीकरणाच्या दृष्टीनं घोर चूक. मी महिनाभर ती तशीच राहू दिली, कारण त्या महिन्यात हनुमंत न्यायला आलेली तीन पोरं भस्मासूर घेऊन गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. मराठीत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या दोन जावा नाहीत, एकाच घरात वाढलेल्या सख्ख्या बहिणी आहेत. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात लोककथा ३९८ला, विज्ञान ५००ला आणि मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ला. मोठ्यांसाठी ठीक आहे. अकरा वर्षांच्या वाचकासाठी विंदांचा ‘एटू लोकांचा देश’, भागवतांचं शेंडेनक्षत्र, नारळीकरांचे यक्ष, मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण, मराठीत आलेला हॅरी पॉटर, हे सगळं एका फळीवर शेजारी-शेजारी उभं राहायला हवं. मूल एकातून दुसऱ्यात आपोआप जातं. मध्ये भिंत बांधतो ते आपण.

इथं नारळीकरांशी माझा एक मतभेद आहे, आदर ठेवून सांगतो. विज्ञानकथेतून विज्ञानाचा प्रसार व्हावा हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. त्यांनी स्वतः तो कथेच्या आड येऊ दिला नाही, कारण ते गोष्ट सांगणारे होते. पण त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांनी साखरेत घोळलेली गोळी करून दिली. दुसऱ्या पानावर कुणीतरी काका येतात आणि चार परिच्छेद माहिती सांगतात. मुलांना गोळी लगेच ओळखू येते. ती पुस्तकं आमच्याकडे कोरी करकरीत राहिली. शेवटच्या पानावरची तारीखपट्टी खोटं बोलत नाही.

आणि नारायण धारप? हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. “तुम्ही मुलांना भुताखेताचं वाचायला देता?” देतो. तेरा-चौदाव्या वर्षी, मागितलं तर देतो. जो पोरगा धारपांचा ‘समर्थ’ रात्री पांघरुणात वाचतो, तो दिवसा पुस्तकाला भीत नाही. एकदा आमच्या कार्यकारिणीतल्या एका वजनदार सभासदानं धारपांची सगळी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायला लावली. मी टाकली. नोकरी करायची होती. वाळवीनं त्यातली निम्मी खाल्ली, आणि त्या नोंदी ‘बाद’ करताना सही माझीच होती. तो ठराव वहीत अजून आहे.

खरेदीबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांचं दुखणं एकच आहे. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, आला की स्पर्धा परीक्षांची आणि व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं घेऊन संपतो. मुलांसाठीचं नवं अद्भुत मराठीत कमी लिहिलं जातंय हेही खरं. पण जुनं निदान हाताशी आहे. ‘किशोर’चे १९७१पासूनचे अंक बालभारतीनं सर्वांना खुले केलेत. दोन-चार गोष्टी छापून, टाचून, पुठ्ठा लावून ठेवा. खर्च चहापेक्षा कमी.

आपल्याच जिल्ह्यानं डिसेंबर २०२१ मध्ये एक मान मिळवला. नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. त्या गादीवर विज्ञानकथाकार पहिल्यांदाच आला. प्रकृतीमुळे ते स्वतः येऊ शकले नाहीत. मला त्या दिवशी सारखी आझाद मैदानावरची ती खुर्ची आठवत होती. २० मे २०२५ला ते गेले.

आता किल्लीचं. आमच्या तिसऱ्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली चिटणीसांच्या घरी. कारण? पुस्तकं हरवतात. मुलं फाडतात. कॅम्पातल्या वडिलांची बदली झाली की सभासद अनामत विसरून निघून जातो. सगळं खरं आहे. तो सातारचा मुलगाही गेला, ‘चंद्रावर स्वारी’ काळ्या ट्रंकेत घालून, कुठल्या छावणीत कोण जाणे. त्याची पन्नास रुपये अनामत जमा करून घेतली आणि दुसरी प्रत मी पदरमोड करून आणली. निवृत्तीच्या आधीची पाच वर्षं ते कपाट मी उघडं ठेवलं. किल्ली खिळ्याला टांगली, आणि मुलांची पुस्तकं वरच्या फळीवरून खालच्या दोन फळ्यांवर आणली. त्या पाच वर्षांत एकोणीस पुस्तकं गेली. मी तपासणीत ती एकोणीसच्या एकोणीस लिहून दिली.

गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात पोचल्यावर कुठं गेले, आठवतं? टाउन हॉलच्या लायब्ररीत. पानिपताचं काय झालं हे बघायला त्यांनी तिथली बखर काढून वाचली, आणि उठताना विसरून खिशात घातली. मैदानावरच्या गोंधळात ती हरवली, हातात राहिलं एक फाटकं पान.

मित्रांनो, परवा सोमवारी वाचनालय उघडलंत की आधी बालविभागाचं कुलूप काढा. काही पुस्तकं जातील. पंतांनीही ती बखर अजून परत केलेली नाही.