पोथीनिष्ठ

'पोथीनिष्ठ' हा शब्द मराठीत दोन चांगल्या शब्दांपासून झाला आहे. पोथी हे संस्कृत 'पुस्तिका' या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप. पोथीची पाने सुटी; ती बासनात बांधून जपावयाची. निष्ठा म्हणजे अढळ श्रद्धा. दोन्ही शब्द आदराचे, परंतु त्यांचा समास होताच त्यातून निंदा उमटते. असे का व्हावे?

ग्रंथाचे अध्ययन होते, पोथीचे पारायण होते. अध्ययनात शंकेला जागा असते. पारायणात एक अक्षरही बदलता येत नाही. उपासनेत ही रीत योग्यच आहे. ती विचारात शिरली, म्हणजे मनुष्य पोथीनिष्ठ होतो. म्हणून हा शब्द धर्मग्रंथांच्या अभिमान्यांना लागू पडतो, तसाच राजकीय मतप्रणालींच्या अनुयायांनाही.

सोव्हिएत रशियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे लिसेंको या कृषितज्ज्ञाने आनुवंशिकीचे सिद्धान्त नाकारले. परिस्थितीमुळे वनस्पतीत आलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, हे त्याचे मत राजमान्य विचारसरणीला मानवणारे होते. जगभर हिंडून बियाणे जमविणारे शास्त्रज्ञ वाविलोव यांनी त्याला विरोध केला. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लिसेंकोचे मत पक्षाच्या संमतीने प्रमाण ठरले. आनुवंशिकीचे अध्यापन बंद पडले. त्याची सत्ता संपण्यास १९६५ साल उजाडावे लागले. गहू काही पोथी वाचून उगवत नाही!

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कर्मठ मनुष्य आचाराला चिकटतो, हटवादी स्वतःच्या म्हणण्याला, पोथीनिष्ठ दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या वचनाला. तत्त्वनिष्ठ या तिघांहून वेगळा. वाविलोवही आपल्या मतावर ठाम होते. परंतु त्यांचे मत प्रयोगावर उभे होते. तेव्हा नुसता ठामपणा हा दोष नव्हे. वचनाविरुद्ध अनुभव उभा राहिला असता दोहोंपैकी काय बासनात गुंडाळले जाते, हीच खरी कसोटी.

ही कसोटी न लावता अडचणीच्या प्रत्येक तत्त्वनिष्ठाला पोथीनिष्ठ म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्याने त्याच्या युक्तिवादाला उत्तर मात्र मिळत नाही. आणि शब्दाची धार तेवढी बोथट होते.