लोह असतं, पण मिळतं किती?



समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या पोषणाची चर्चा नशिराबादेत कशाला, असं पाहुण्या शास्त्रज्ञांना वाटलं असेल. वाघूर नदीचं पाणी तापीतून सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळतं, हे उत्तर मलाही तोकडं वाटतं. खरं उत्तर आमच्या बांगडीत आहे. जळगाव मोठं होण्याआधी तालुकाच नशिराबादच्या नावाचा होता, आणि इंग्रजांच्या गॅझेटियरात गावाची नोंद आहे ती काचेच्या बांगड्यांसाठी. माझा जीव अडकतो तो भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या, दप्तरात नाव न उरलेल्या कारागिरांत. रेतीतल्या लोहाने साध्या काचेला हिरवट झाक येते. ते लोह डोळ्यांना दिसतं, पण कुणाच्या पोटात जात नाही.

समुद्राचा पेच हाच. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून उतरेल ते विरघळलेलं, हे आपण ठरवलं. सूक्ष्मजीवांना कुणी विचारलं? त्या विरघळलेल्या लोहातलं ९९ टक्क्यांहून अधिक सेंद्रिय रेणूंनी बांधून ठेवलेलं असतं. शिवाय पूर्वी जहाजाचा गंजच नमुन्यात उतरे. १९८०च्या दशकात समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी नमुन्यांच्या स्वच्छतेचा ध्यास घेतला, तेव्हा कुठे खरे आकडे हाती आले. आणि लोह दिलं म्हणजे भागलं असंही नाही. २००९च्या 'लोहाफेक्स' मोहिमेत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोह सोडलं. पण पाण्यात सिलिकेट तुटपुंजं, म्हणून सिलिकेटवर वाढणारी डायटम ही सूक्ष्म शैवालं फोफावली नाहीत. मग जीवांनाच विचारा, बाटलीत पाणी घेऊन एकेक पोषकद्रव्य घालून बघा, असं कुणी म्हणेल. सल्ला रास्त आहे. पण बाटलीत कोंडल्यावर खाणारे आणि खाल्ले जाणारे यांचं गणितच बदलतं. म्हणून माझं मत असं, की गाळणीचं आणि बाटलीचं, दोन्ही मोजमापं ठेवावीत आणि प्रत्येक आकड्याशेजारी पद्धत लिहावी. खानदेशातला केळीवाला हे जाणतो. चुनखडीयुक्त जमिनीत लोह भरपूर असूनही कोवळं पान पिवळं पडतं, आणि माती परीक्षणाच्या अहवालात एकूण नव्हे, 'उपलब्ध' स्फुरद छापतात. तोही ठरावीक द्रावणात काढलेला अर्कच, पण ते कुणी लपवत नाही.

आता आमच्या व्यवस्थेतल्या उणिवा. पंखे अपुरे आहेत, वीज लपंडाव खेळते, निवासाची सोय जळगावला करावी लागली आणि महामार्गाची धूळ मंडपात येते, पोटात घालावं. धान्य देणारे व्यापारी, केळीचे घड पाठवणारे शेतकरी, मंडपवाले, पाण्याचा टँकर देणारे, रात्रभर सतरंज्या अंथरणारी तरुण पोरं आणि पहाटेपासून कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या मायबहिणी, सर्वांचे आभार.  भरीत तिखट आहे; ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी डावीकडच्या पंगतीत वरणभात ठेवला आहे.