काका कुठल्या आकड्यात?

(सीमाभागातल्या एका गावच्या वाचनालयात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, 'महामारीचे आकडे खरे की खोटे?' मी डॉक्टर नाही, आकड्यांचा अभ्यासकही नाही. तरी उभा राहिलो, कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा दिलंय आणि त्याची किंमत आमच्या घरानं मोजलीय.

एप्रिल 2021 आठवा. कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून इकडं येता येत नव्हतं. शिनोळी-चंदगडकडं कामाला जाणाऱ्या पोरांचे हाल तुम्ही पाहिलेत. गल्लीत येणारी सरकारी पत्रकं कन्नडात, आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत नव्हती. मग माहिती यायची कुठून? मोबाईलवरून. आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला, 'प्रत्येक कोरोना पेशंटमागं दवाखान्याला दीड लाख मिळतात, म्हणून साध्या तापालाही कोरोना म्हणतात.' मी तो चार ठिकाणी पुढं पाठवला. वर स्वतःची एक ओळ जोडली, 'जाऊ नका, अडकवतील.'

आठवडाभरात काकांना ताप आला. 'साधा ताप हाय. खरं तिकडं गेलो की कोरोना लावतील,' असं म्हणत सहा दिवस घरीच पडून राहिले. सातव्या दिवशी श्वास लागला तेव्हा धावपळ केली. ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत रात्र झाली आणि दोन दिवसांत काका गेले. तपासणीचा रिपोर्ट आलाच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण आलं, हृदयक्रिया बंद पडणे. म्हणजे मी ओरडत होतो की आकडे फुगवलेत, आणि माझ्याच घरातला माणूस त्या आकड्यात नव्हता!

तेव्हापासून मी हा विषय वाचायला लागलो. जे समजलं ते सांगतो.

आपल्या आजी-पणजीच्या तोंडी 'मानमोडी' हा शब्द होता. 1918 च्या इन्फ्लुएंझाचं हे आपल्याकडचं नाव. जगात त्याला स्पॅनिश फ्लू म्हणतात. साथ काही स्पेनमध्ये सुरू झाली नव्हती. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. स्पेन युद्धात नव्हता, तिथली वर्तमानपत्रं साथीच्या बातम्या उघड छापत होती. ज्यानं खरं सांगितलं, बदनामी त्याच्याच वाट्याला आली. आपल्याकडं त्या साथीत किती माणसं गेली यावर आजही एकमत नाही, अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. पण एक नोंद कुणाला लपवता आली नाही. 1911 ते 1921 या एकाच दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. हे सांगितलं जनगणनेनं.

यातून पहिली गोष्ट कळते. साथीचा रोजचा आकडा आणि साथीचा खरा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजचा आकडा म्हणजे ज्यांची तपासणी झाली, रिपोर्ट आला आणि तो वरपर्यंत कळवला गेला, तेवढेच. 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू फक्त साडेबावीस टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांचं कारण कागदावर शोधायचं कसं?

म्हणून अभ्यासक दुसरी वाट धरतात. कारण बाजूला ठेवा, एकूण किती माणसं गेली ते मोजा, आणि साथ नसती तर साधारण किती गेली असती ते वजा करा. ही वजाबाकी आपल्यालाही समजते. केंद्र सरकारच्याच नागरी नोंदणीचे आकडे बघा. 2019 मध्ये सुमारे 76 लाख मृत्यू नोंदले गेले, 2020 मध्ये 81 लाख, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. एका वर्षात जवळपास 21 लाखांची उडी. त्या वर्षात कोरोनाचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू होते सुमारे 3.3 लाख. ही सगळी वाढ कोरोनाचीच, असं मी म्हणणार नाही. नोंदणी सुधारली तरी आकडा वाढतो, आणि दवाखाने भरलेले असल्यानं इतर आजारांचे लोकही गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 आणि 2021 मिळून भारतात सुमारे 47 लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, तेव्हा सरकारनं त्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. वाद असू दे. पण 2021 चा 1 कोटी 2 लाखांचा आकडा सरकारचाच आहे, आणि तो जाहीर झाला मे 2025 मध्ये. चार वर्षांनी.

आणखी दोन उदाहरणं. पाटणा उच्च न्यायालयानं विचारणा केल्यावर बिहारनं फेरतपासणी केली आणि जून 2021 मध्ये एका दिवसात मृतांची संख्या साडेपाच हजारांच्या आतून नऊ हजारांच्या वर गेली. गुजरातमध्ये जाहीर मृत्यू सुमारे 10 हजार, आणि 50 हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीचे मंजूर अर्ज 68 हजारांवर.

म्हणजे शंका घेणारे बरोबर होते. पण दिशा उलटी होती. 'फुगवलेत' म्हणून आम्ही हसत होतो, प्रत्यक्षात आकडे अपुरे होते.

आता दुसरा भाग, तोंड बंद करण्याचा. काका गेल्यानंतर मी फेसबुकवर लिहिलं, स्मशानातल्या लाकडाच्या वहीची पानं भराभर भरताहेत आणि तालुक्याचा आकडा हललेला नाही. संध्याकाळी एका ओळखीच्या कर्मचाऱ्याचा फोन आला. 'लोक घाबरतील रे, काढून टाक. उगा लफडं नको.' मी काढून टाकलं. आधीचा मेसेज खोटा होता, तो काढ म्हणून कुणीच फोन केला नव्हता. खरं लिहिलं तेव्हाच फोन आला.

माझं सोडा, मी लहान माणूस. वुहानच्या ली वेनलियांग या डॉक्टरानं डिसेंबर 2019 च्या अखेरीस सहकाऱ्यांना सावध केलं, तर पोलिसांनी बोलावून समज दिली. फेब्रुवारी 2020 मध्ये तो त्याच आजारानं गेला. आपल्याकडं एप्रिल 2021 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरनं सुमारे 50 पोस्ट भारतात दिसेनाशा केल्या. काहींत जुने, चुकीचे फोटो असतीलही, पण काही सरळ टीका होती. त्याच महिन्याच्या 30 तारखेला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ऑक्सिजन, खाट मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई केलीत तर तो न्यायालयाचा अवमान धरू. मदत मागायचा हक्क कोर्टातून मिळवावा लागला!

कंपन्याही चुकतात. विषाणू माणसानं बनवला असं म्हणणाऱ्या पोस्ट फेसबुकनं फेब्रुवारी 2021 पासून काढायला सुरुवात केली आणि मे महिन्यात तो नियमच मागं घेतला. तो दावा खरा ठरला असं नाही, प्रश्न उघडा आहे एवढंच. पण ज्यांच्या पोस्ट उडाल्या त्यांना वाटलं, बघा, काहीतरी लपवताहेत. खोटं दाबलं तरी ते मरत नाही, उलट त्याला वजन येतं. खोट्याला पुरावे मांडून उत्तर द्यावं लागतं, आणि तेही लोकांच्या भाषेत.

'लोक घाबरतील' हे कारण नेहमी दिलं जातं. 1897 च्या प्लेगात पुण्यात सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस लपवायला लागले. त्या कारभारावर केसरीत कडक लिहिणाऱ्या टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. पण प्लेग काही खोटा नव्हता, आणि टिळकांनीही तो खोटा म्हटला नाही. साथ आहे हे मान्य, तुमची वागणूक मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. मला 2021 मध्ये ही फोड करता आली नाही. सरकारवरचा राग मी आजारावर काढला.

माणूस आकड्यानं घाबरत नाही, आकडा लपवतात असं वाटलं की घाबरतो. आणि घाबरलेल्या माणसाला पहिला धीर देणारा मेसेज खरा वाटतो. 'काही नाही रे, सगळा बाजार आहे,' हा धीरच होता. काकांना तो मी दिला.

म्हणून मित्रांनो, शंका घ्या, जरूर घ्या. फक्त स्वतःच्या शंकेवरही एक शंका घ्या. आकडा कुणी मोजला, कसा मोजला, कोण सुटलं, हे विचारा. फॉरवर्ड करण्याआधी हा मेसेज वाचून आपल्या घरातला म्हातारा माणूस काय करेल याचा विचार करा. घरात मृत्यू झाला तर 21 दिवसांच्या आत नोंद करा, दाखल्यावरचं कारण वाचून घ्या, कन्नड येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि खरं लिहिलेलं एका फोनवर काढून टाकू नका. मी काढलं, त्याची लाज आजही वाटते.

ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येणार नाही. तो आधार घेऊन, दवाखान्याचे कागद जोडून आम्ही अर्ज केला. बऱ्याच फेऱ्या झाल्या, शेवटी काकूला 50 हजार मिळाले. पासबुक हातात घेऊन ती म्हणाली, 'पैसे आले. खरं आता तरी त्यास्नी मोजलं काय रे?'

मला उत्तर देता आलं नाही. 1921 मध्ये निदान जनगणना तरी झाली होती. 2021 ची झालीच नाही, आता 2027 ची जाहीर झालीय. मोजायला माणसं दारात येतील तेव्हा गेलेल्यांचं नाव कुणी विचारणार नाही. ते आपणच लिहून ठेवायचं आहे. मी काकांचं लिहिलंय, तारखेसकट, तापाच्या सहा दिवसांसकट, माझ्या मेसेजसकट. तुमच्या घरातलं तुम्ही लिहा.