पावसाळ्यातील जुलाबाची साथ कशी रोखाल?



पेरणी आटोपली की आपलं सगळं ध्यान उगवणीकडे आणि ढगांकडे लागलेलं असतं. नेमक्या याच दिवसांत गावात जुलाब-उलट्यांची साथ शिरते. आज एका वस्तीवर दोन पोरं आजारी, तर चार दिवसांत निम्मी आळी आडवी. ऐन खुरपणीत घरातली दोन माणसं अंथरुणाला खिळली म्हणजे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आणि लहान लेकराच्या बाबतीत तर प्रश्न दिवसांचा नसतोच, तासांचा असतो.

साथीचे रोग नाना वाटांनी पसरतात. गोवर नि क्षय खोकल्या-शिंकेतून, हिवताप डासांमार्फत. पण जुलाब, पटकी, विषमज्वर आणि पावसाळ्यात गावभर पसरणारी कावीळ या सगळ्यांची वाट एकच आहे. रोग्याच्या शौचातले जंतू दुसऱ्याच्या तोंडात जातात. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण रोगाचं मूळ एवढंच आहे. मधला प्रवास पाण्यातून होतो, हातावरून होतो, माशीच्या पायावरून होतो. उन्हाळाभर पांदीत, नाल्याकाठी, उकिरड्यावर साचलेली घाण पहिल्या दोन-तीन सरींबरोबर वाहते आणि उतारावरच्या विहिरीत उतरते. पाणी वरून नितळ दिसलं, म्हणजे ते निर्धोक असतं असं नाही.

पूर्वी पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. पण रोग काही गाड्यात बसलेला नव्हता. लंडन शहरात १८५४ साली पटकीची मोठी साथ आली, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्या माणसांची घरं नकाशावर मांडली. ती बहुतेक एका सार्वजनिक पंपाभोवती निघाली. त्याने त्या पंपाचा दांडाच काढायला लावला. जंतूचं नावगाव लोकांना ठाऊक नसताना त्याने वाट ओळखली, यात सगळं आलं.

आपल्याकडचं उदाहरण नारूचं. जाणत्या मंडळींना आठवत असेल, पायातून हातभर लांबीचा दोरा बाहेर पडायचा आणि माणूस ऐन हंगामात महिना-महिना जागचा हलत नसे. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवायचा, आणि तेच पाणी गाव प्यायचं. त्यावर ना लस होती, ना खात्रीचं औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा बदलल्या, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतलं, एवढ्यावर भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. मात्र एक लक्षात ठेवा. फडक्याने नारूचे किडे वाहणारा पाणपिसू अडतो. जुलाबाचे जंतू त्याहून कितीतरी बारीक, ते फडक्यातून आरपार जातात. त्यांना टी.सी.एल. पावडर तरी हवी, नाहीतर उकळी तरी.

आता पावडर किती टाकायची? बऱ्याच गावी अंदाजाने मूठभर भिरकावतात आणि झालं म्हणतात. असं करू नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे विहिरीत किती लिटर पाणी आहे ते निघतं. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरतं. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, तेव्हा या विहिरीला जवळजवळ ९५ ग्रॅम झाली. पावडर बादलीत घेऊन थोड्या पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं राहू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. खाली बसलेला चुना विहिरीत टाकायचा नाही. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हिंदकळा, म्हणजे ती सगळीकडे मिसळेल. त्यानंतर निदान एक तास कोणी पाणी शेंदू नये. रात्री हे काम उरकलं तर सकाळी बायाबापड्यांचा खोळंबा होत नाही.

पाणी गढूळ असेल तर पावडरीची ताकद गाळातच खर्ची पडते. उघड्या पोत्यात, ओलीत पडलेली पावडर तर नुसती पांढरी माती. म्हणून ती कोरडी, झाकणबंद ठेवा. क्लोरीन पाण्यात उरला की नाही, ते पाहायला ओ.टी. चाचणी असते. नळाच्या किंवा घागरीतल्या पाण्यात त्या द्रवाचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला हे ठाऊक असतं. त्याला विचारायला संकोच करू नका. पाणीपट्टी आपण भरतो. आपल्या पंचायतीला पाण्याच्या पाहणीत हिरवं कार्ड मिळालं की लाल, हेही ग्रामसभेत एकदा विचाराच.

नळ आला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांना एक सांगतो. गटारातून गेलेला नळ फुटका असला, की पाणी सुटतं तेव्हा ते बाहेर गळतं आणि पाणी बंद झालं की गटारातली घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पहिली घागर कोणाच्या तरी घरी जाते. गळती दिसली की त्याच दिवशी सांगा. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब हवा. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, हा तर निव्वळ गैरसमज आहे. तीही संडासातच टाकावी.

घरात पाण्याचा माठ झाकलेला असावा आणि पाणी ओगराळ्याने काढावं. हात बुडवून तांब्या भरला, की वरच्या साऱ्या खटपटीवर पाणी पडलं म्हणा! शौचाहून आल्यावर आणि जेवण्या-भरवण्याआधी हात साबणाने धुवा. रानात जाताना उकळून गार केलेलं पाणी कॅनमधून न्या. कालव्याचं किंवा चारीचं वाहतं पाणी चांगलं असतं असं मानणारे पुष्कळ भेटतात. वाहत्या पाण्यालाही वरचं गाव असतंच.

एवढं करूनही जुलाब लागले तर? इथं सर्वांत जास्त घात होतो. ‘पोटाला विश्रांती द्या, पाणी पाजू नका’ असं घरची वडील माणसंही सांगतात. जुलाबात लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजलं. शंभरात तीस माणसं मरत होती, तिथं मरणाचं प्रमाण चारावर आलं. हीच आपली जलसंजीवनी, ओ.आर.एस.

आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात याची पुडी मिळते. अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. अर्धी पुडी, अर्धा तांब्या असा हिशेब नको. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करा. दर जुलाबानंतर थोडं थोडं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध तोडू नका. मऊ भात, पेज, खिचडी चालू ठेवा. मुलांना झिंकच्या गोळ्याही मिळतात. जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून लहान मुलांना मुळीच देऊ नका.

डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, मूल मलूल पडलं, लघवी होईना, शौचातून रक्त पडलं, किंवा भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब लागोपाठ होऊ लागले, तर तालुक्याला जायच्या एस.टी.ची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि गाडी येईपर्यंत, गाडीतसुद्धा, मूल शुद्धीवर असेल तर जलसंजीवनी पाजत राहा. एकाच आळीत दोन-तीन घरी जुलाब दिसले, तर आरोग्यसेविकेला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पाण्याचा नमुना पावडर टाकायच्या आधी घेता येतो.