पाण्याखालचा पट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून टाकला होता. "तुम्ही आणि तुमच्या विहीणबाई समुद्राच्या तळाशी बसून ल्यूडो खेळता म्हणे, ते एकदा सर्वांना नीट सांगा. निम्म्या जणींना ती थाप वाटते."

थाप नव्हे. मात्र समुद्राचा तळ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे पाताळलोक उभा राहत असेल, तर तसेही काही नाही. आमचा तळ म्हणजे मालवणच्या किनाऱ्याजवळची सात-आठ मीटर खोलीवरची वाळू. दुमजली घराच्या गच्चीवरून खाली अंगणात पाहावे, एवढेच अंतर.

पाठीवर सिलिंडर असतो. त्यात प्राणवायू असतो असे पुष्कळ जणी समजतात. वास्तविक असते ती आपली नेहमीचीच हवा, फक्त दाबून भरलेली. ती तोंडाला बेताबेताने पुरवणारे यंत्र फ्रान्समध्ये १९४३ साली झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी सिद्ध केले. त्यामुळेच आज माझ्यासारख्या ५८ वर्षांच्या बाईला पाण्याखाली निवांत बसता येते. अर्थात डॉक्टरांनी छाती, कान तपासून होकार दिल्यावरच. दमा असेल तर आधी डॉक्टर, मग समुद्र.

आता खेळ कशाला, हा प्रश्न. पावसाळ्यात आमच्या समुद्रात उतरता येत नाही. शिकलेले अंगवळणी राहावे म्हणून आम्ही तलावात सराव करीत होतो. स्कूबात पोहणे हे सोपे. कठीण ते स्थिर बसणे. श्वास आत घेतला की अंग वर जाते, सोडला की खाली येते. नवशिकी माणसे हातपाय झाडतात आणि हवा उधळतात. आमच्या प्रशिक्षकांनी एक दिवस एक पट आणून दिला आणि म्हणाले, "बसा खेळत." खेळात मन गुंतले की हात आपोआप शांत होतात, श्वास लांबतो. स्वयंपाक करताना नाही का, गाणे गुणगुणत पोळ्या लाटल्या की हात बरोबर चालतो!

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमध्ये साउथसी येथे १९५४ साली ॲलन ब्लेक यांनी पाण्याखालची हॉकी सुरू केली, तीही थंडीच्या दिवसांत समुद्रात जाता येत नाही म्हणून क्लबातली माणसे गळू नयेत या हेतूनेच. पुढे तिच्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. मंडळ चालवणाऱ्या भगिनींना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

पण हॉकी वेगळी आणि बैठा खेळ वेगळा. पहिल्या दिवशी मी हौसेने सासूबाईंच्या सहा कवड्या नेल्या. म्हटले, समुद्रातूनच आल्या आहेत, समुद्रात शोभतील. त्यांच्या पोटात हवा अडकलेली, त्यामुळे टाकल्या की एकेक बुडबुडा सोडीत कलत कलत निघाल्या. हवा काढून टाकली तर इतक्या सावकाश उतरू लागल्या की हात हलवला तरी दान फिरे. लाकडी फासा तर सरळ वर तरंगत गेला. पत्ते प्लॅस्टिकचे असले तर भिजत नाहीत, पण हातातला पंखा जरा सैल झाला की राजा एकीकडे आणि राणी दुसरीकडे. शेवटी जमला तो लोहचुंबकाच्या सोंगट्यांचा प्रवासी ल्यूडो. त्याच्या खाली शिशाचे वजन बांधले आणि फासा एका पारदर्शक बरणीत पाणी भरून बंद केला. बरणी हलवायची आणि फासा टेकेपर्यंत वाट पाहायची.

पाण्यात मास्कमधून सर्व वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या आणि जवळ दिसतात. त्यामुळे सोंगटी उचलायला गेलेला हात अलीकडेच थांबतो. रंगांचेही तसेच. पाणी प्रथम तांबडा रंग गिळते. विहीणबाईंना लाल सोंगट्यांचा हट्ट. आठ मीटरवर त्या काळपट दिसू लागल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला हसू आले, आणि हसल्यावर गाल वर गेल्यामुळे मास्कची कड सुटून नाकात पाणी शिरले. पाण्याखाली हसणे महागात पडते ते असे.

बोलता तर येतच नाही. दोन विहिणींनी तासभर समोरासमोर बसून एकही शब्द उच्चारायचा नाही, ही कल्पना आमच्या घरच्या मंडळींना फारच आवडली. सगळे हातवाऱ्यांनी चालते. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा वर केला म्हणजे 'छान' नव्हे. त्याचा अर्थ 'वर चला'. एकदा विहीणबाईंची शेवटची सोंगटी घरात गेली आणि आनंदाच्या भरात त्यांनी अंगठा उंचावला. प्रशिक्षकांनी शांतपणे सर्वांना वर नेले. जिंकल्याची बढाई मारायलाही खाली कुणी उरले नाही.

आता जरा गंभीर भाग सांगते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला की त्यात सुमारे २४०० लिटर हवा मावते. पण दहा मीटर खाली पाण्याचा दाब असा की प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा दुप्पट हवा खर्च होते. काटा ५० बारवर येण्यापूर्वी वर पोचायचे, आणि एकीला जायचे असेल तर दोघींनी जायचे. जोडीदारणीच्या अंगावर एक जादा तोंडनळी असते. माझी हवा संपली तर मी तिचीच घ्यायची. म्हणजे पटावर जी माझी सोंगटी मारायला टपलेली, तिच्याच पाठीवर माझा राखीव श्वास.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. डाव ऐन रंगात होता. विहीणबाईंना चार पडले आणि नेमकी चार घरांवर माझी सोंगटी उघडी होती. त्यांनी ती मारली नाही! दुसरीच सोंगटी पुढे सरकवली. भगिनींनो, त्यांनी आजवर कुणाची सोंगटी सोडल्याचे मला ठाऊक नाही, नातवाचीसुद्धा नाही. मी पटावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिले. बोटे थरथरत होती आणि बुडबुडे एकामागून एक चालले होते. काटा पाहिला, तर त्यांचा ७० आणि माझा ११०. थंडी भरली होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आली नव्हती. मी अंगठा वर केला. त्यांनी पटाकडे बोट दाखवले. त्या जिंकत होत्या ना! मी पुन्हा अंगठा वर केला. मग आम्ही हातात हात घालून, श्वास न रोखता, सावकाश वर आलो. होडीत घोंगडी पांघरून चहा घेतल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, "तो डाव माझाच धरायचा." मी धरला.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की हा पट नुसता करमणुकीचा नाही. मनाची गती मंदावली की ते खेळात आधी दिसते. तीस मीटरच्या आसपास तर हवेतल्या नायट्रोजनची झिंग चढू लागते. अमेरिकेत आल्बर्ट बेन्की यांनी १९३५ साली हे कारण दाखवून दिले. झिंगलेल्या माणसाला आपण अगदी शुद्धीत आहोत असे वाटते. म्हणून खोल जाण्याच्या शिक्षणात एखादे कोडे वर आणि खाली असे दोनदा सोडवून घेतात आणि वेळ ताडून पाहतात. मी अजून अठरा मीटरच्या खाली गेलेली नाही आणि जाण्याची घाईही नाही.

लंडनला पाण्याखालच्या बुद्धिबळाचे सामने २०१३ पासून सुरू झाले. इटन इलफेल्ड यांची ती कल्पना. तेथे सिलिंडर नसतो. बुडी मारायची, दम धरून विचार करायचा, खेळी करूनच वर यायचे. मग प्रतिस्पर्ध्याची बुडी. ऐकायला मौजेचे आहे, पण आमच्या दोघींच्या हे उपयोगाचे नाही. स्कूबाचा पहिलाच नियम श्वास कधी रोखू नये असा. दम धरून वर आले तर फुप्फुसातली हवा फुगून इजा होते. दोन सवयी एका अंगात नांदवणे मला तरी सुखाचे वाटत नाही.

आणखी एक आमच्या दोघींचा दंडक. उतरताना सोंगट्या मोजून न्यायच्या, चढताना मोजून आणायच्या. एकही प्लॅस्टिक समुद्राला द्यायचे नाही. पोवळ्याच्या खडकावर पट मांडायचा नाही, वाळूवरच मांडायचा. घरी आल्यावर सगळे गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे, नाहीतर लोहचुंबक गंजतो.

पट आज बरोबर आणला आहे. तिकडे टेबलावर पाण्याने भरलेले घमेले ठेवले आहे, त्यात कवड्या टाकून पाहा. आधी बुडवून, हलवून त्यांच्या पोटातली हवा काढा. आणि कृपा करून मोजून परत ठेवा, सहा आहेत.