जबड्याचे व्यंग आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, शल्यविशारदही नव्हे. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले आणि उभा जन्म खडू-फळ्याच्या संगतीत घालविलेले आम्ही एक सेवानिवृत्त शिक्षक. मग जबड्याच्या शल्यक्रियेसारख्या विषयास हात घालण्याचा आम्हांस अधिकार काय, असे आपण विचाराल. उत्तर एवढेच की, या बाबतीत आमच्या हातून एक प्रमाद घडला आहे. तो आपल्या हातून घडू नये.

वर्णांची उच्चारस्थाने हा आमच्या आवडीचा पाठ. एके वर्षी वर्गात एक मुलगा होता. त्याचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला. समोरचे दात एकमेकांवर कधी बसतच नसत. ‘सरस्वती’ म्हणताना त्याचा ‘स’ घसरे, ‘पुस्तक’ म्हणताना ओठ नीट मिटत नसत. आम्ही त्यास आळशी ठरविले, उभे करून दहा-दहा वेळा म्हणावयास लाविले. वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही हसलो. पुढे तो मुलगा वाचावयास उठेनासाच झाला. ज्याचे दात व ओठच जुळत नाहीत, त्याने दंत्य व ओष्ठ्य वर्ण शुद्ध उच्चारावे कसे, हा साधा विचार उच्चारस्थाने शिकविणाऱ्या गुरुजींस सुचला नाही!

अनेक वर्षांनी आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीचे लग्न ठरविण्याची वेळ आली. तिचेही व्यंग हेच. पहिल्या स्थळाकडून ‘मुलगी चांगली आहे, पण चेहरा...’ असा निरोप आला, आणि घरात एकच घाई उडाली : पुढचे स्थळ येण्यापूर्वी मुलीची शल्यक्रिया उरकून घ्यावी. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे आम्हीही गेलो. तेथे जे ऐकले व मागाहून वाचून समजून घेतले, त्याचा सारांश असा.

वरचा व खालचा जबडा म्हणजे पेटी आणि झाकण. एक भाग अधिक वाढला किंवा कमी वाढला, तर पेटी कितीही सुबक असली तरी झाकण बसत नाही. याचे कारण बहुधा आनुवंशिक असते. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराणे अशा जबड्यासाठी प्रसिद्ध आहे. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स यास तर अन्न नीट चावताही येत नसे. त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या आपसांतच विवाह होत. राजांची जुनी चित्रे तपासून, या व्यंगाचा जवळच्या नात्यातील विवाहांशी संबंध असावा, असा निष्कर्ष २०१९ साली संशोधकांनी काढला. आते-मामे भावंडांची लग्ने जुळविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. याखेरीज, लहानपणी हनुवटीवर पडल्याने कानाजवळचा सांधा आखडला, तरीही जबड्याची वाढ खुंटते.

यावरील उपाय आजचा नव्हे. १८४९ साली अमेरिकेत व्हीलिंग येथे सायमन हलिहेन यांनी, भाजल्यामुळे मान आखडून जबडा पुढे ओढला गेलेल्या एका तरुणीच्या जबड्याचे हाड कापून तो मागे घेतला. पुढे १९५७ साली ट्राउनर व ओब्वेगेसर यांनी जी रीत इंग्रजीत प्रसिद्ध केली, तीत खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंस उभे दुभागून, एका फळीवरून दुसरी सरकवावी तसे मागे-पुढे सरकवितात. छेद तोंडाच्या आतून घेतात. म्हणून चेहऱ्यावर व्रण सहसा राहत नाही. वरचा जबडाही कापून हलविता येतो. नव्या जागी हाड टिटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी व स्क्रूंनी घट्ट करतात.

परंतु हे काम ‘उरकून’ घेण्याचे नव्हे. व्यंग सौम्य असल्यास केवळ तारा लावून भागते. शल्यक्रिया करावयाची तर आधी वर्ष-दीड वर्ष दातांस तारा, आणि नंतरही काही महिने त्या ठेवाव्या लागतात. जबड्याची वाढ थांबल्यावाचून सहसा हाडास हात लावीत नाहीत. मुलींची वाढ आधी थांबते, मुलांची उशिरा. शल्यक्रियेनंतर काही आठवडे पातळ व मऊ अन्न. खालच्या ओठास बधिरता येते. बहुतेकांची ती काही महिन्यांत ओसरते, पण काहींची थोडीफार कायम राहते. हे सारे त्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

घरी परतल्यावर मुलीस आम्ही विचारले, “बाळ, तुझे म्हणणे काय?” ती म्हणाली, “आजोबा, मला भाकरी समोरच्या दातांनी तोडता यावी, एवढेच हवे आहे. कोणाला दाखवायला नको.” तिने दोन वर्षांचा अवधी मागितला, तोवर स्थळे पाहू नयेत असे बजावले, आणि तारा लावून घेतल्या. शल्यक्रियेनंतर दीड महिना ती पेज, ताक व पातळ वरणावर राहिली. दाढांस बळ येण्यास आणखी काळ गेला. मग एके दिवशी तिने आमच्या समोर बसून ज्वारीच्या भाकरीचा तुकडा दातांनी तोडला आणि काही न बोलता तो चावीत राहिली. ओठाचा एक कोपरा अजून बधिर आहे. त्याबद्दल तिची तक्रार नाही, कारण निर्णय तिचा होता.

म्हणून आमची विनंती. मूल सात-आठ वर्षांचे होताच त्याचे दात व जबडा दंतवैद्यास दाखवावा. मुंबई-नागपुरास शासकीय दंत महाविद्यालये आहेत. शल्यक्रिया करावी की नाही, हे ज्याचा जबडा त्याने ठरवावे. आणि आपल्या वधूवर मेळाव्यात मुलीच्या हनुवटीकडे पाहून नकार देण्यापूर्वी, आपण हाड पाहत आहो की माणूस, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

त्या विद्यार्थ्याचे नाव आम्हांस आठवते. येथे घेत नाही. तो कधी भेटला तर त्यास एवढेच सांगू की, तो पाठ तुला येत नव्हता असे नव्हे. आम्हांसच तो आला नव्हता.